फुईचं झाड कोणत्या घरचं?

माणूस हा प्राणी झाडांना पाणी घालण्यासाठी आणि मधूनमधून शेणखत पुरवण्यासाठी पृथ्वीवर जन्माला आला आहे, असं अगदी मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी उभ्या आयुष्यात पाहिला. ते माझे फुवा. आमच्या तापीकाठी आत्याला फुई म्हणतात आणि फुईच्या नवऱ्याला फुवा. माझे फुवा शहाद्याच्या शाळेत मास्तर होते, पण मास्तरकी हा नुसता पोटापाण्याचा उद्योग. खरं काम झाडांची कुळं लावण्याचं. तरुणपणी पुण्याच्या कॉलेजात ते थोडे दिवस वनस्पतिशास्त्र शिकले होते. मग वडील वारले, शिक्षण अर्ध्यावर राहिलं आणि ते गावी परतले. पुण्याला जाऊन आलेला माणूस घरच्यांसाठी काहीतरी नवलाईची वस्तू आणतो. फुवांनी एक भिंग आणलं, एक लांब सुई आणली आणि जगातल्या तमाम फुलझाडांची घराणी पाठ करून आणली. त्यानंतर त्यांनी माणसांच्या घराण्यांत लक्ष घातलं नाही. सख्ख्या चुलतभावाचं नाव त्यांना आठवायचं नाही. "तुम्ही ते, दारात पांढरी रुई आहे ते," अशी ते त्याची ओळख पटवून घ्यायचे. रुई मेली त्या वर्षी त्या भावाची पंचाईत झाली. फुवा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी आपण कोण म्हणून विचारते झाले.

फूल दिसलं की माणूस ते हुंगतो. फुवा ते उघडायचे. सदऱ्याच्या खिशातून सुई निघायची, दुसऱ्या खिशातून भिंग निघायचं, आणि पाकळ्या एकेक करून तळहातावर मांडल्या जायच्या. चार पाकळ्या फुलीसारख्या समोरासमोर असल्या, आत केसर चार उंच आणि दोन बुटके असले, की ते मुळ्या-मोहरीचं घर. एक पाकळी पदरासारखी उभी, दोन बाजूंना दोन आणि खाली दोन चिकटलेल्या, की हरभऱ्या-तुरीचं घर. मग शेंग येणारच, विचारायचं कारण नाही. फुलांच्या दांड्या एका जागेवरून छत्रीच्या काड्यांसारख्या पसरल्या, की कोथिंबीर, ओवा, बडीशेप. काडी चौकोनी, पानं जोडीजोडीनं आणि फुलाला दोन ओठ, की तुळशीचं घर. फुई सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालायची तेव्हा हे मागून येऊन तिच्या तुळशीची काडी चिमटीत फिरवून बघायचे, चौकोनी आहे ना अजून म्हणून. रात्रीतून ती गोल झाली असेल अशी त्यांना का शंका यायची, ते तिला कधी कळलं नाही.

त्यांच्या लग्नाची गोष्ट फुईच्या तोंडून ऐकावी. अंतरपाट दूर झाला, तेव्हा नवरदेव नवरीकडे बघतच नव्हते, तिच्या हातातल्या झेंडूच्या हाराकडे बघत होते. हार गळ्यात पडला तशी त्यांनी त्यातलं एक फूल हळूच खुडलं, फोडलं आणि तिच्या कानाशी येऊन नवरा म्हणून पहिलं वाक्य बोलले. "हे एक फूल नव्हे. या एका फुलात शंभर फुलं आहेत." फुईला वाटलं, काय गोड बोलणारा माणूस मिळाला. ती लाजून खाली बघत राहिली. पुढे चार-पाच दिवसांनी तेच वाक्य ते आमच्या आजोबांना ऐकवताना तिनं ऐकलं, तेव्हा तिला उमगलं की ते झेंडूबद्दलच बोलत होते.

पण माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला एवढा वेळ नसतो. फुईचा पाटा-वरवंटा कायम वाळत घातलेल्या झाडपाल्यावर वजन म्हणून ठेवलेला असायचा, त्यामुळे सणासुदीला पुरण वाटायचं म्हटलं की आधी निरगुडीला बाजूला करावं लागायचं. तिच्या गादीखाली कागदांत दाबलेल्या फांद्या असायच्या आणि कूस बदलली की कुरकुर वाजायच्या. ती चिडायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच फांद्या स्वतः उन्हात घालायची. गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, वेलाची फुलं गळून पडतात म्हणून ती रडकुंडीला आली, तेव्हा फुवांनी तिला वेलापाशी बसवून नराचं फूल वेगळं आणि मादीचं फूल वेगळं कसं ओळखायचं ते शिकवलं. नराचं फूल गळतं, त्याचं काम झालेलं असतं, असं ते म्हणाले. फुईनं ते ध्यानात ठेवलं आणि पुढे ओट्यावर रिकामं बसलेल्या कुठल्याही पुरुषाकडे बघून ती मान हलवायची.

आमचं घर सारंगखेड्याला. शहाद्याहून बैलगाडीनं सकाळी निघावं आणि ऊन चढायच्या आत पोचावं एवढंच अंतर. फुवांना दिवस पुरायचा नाही. बांधावर काही वेगळं दिसलं की गाडी थांबवायची, उतरायचं, वाकायचं, उघडायचं. गाडीवाला एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, तुमी पायी गयात तं लवकर पोचशात." फुवांना ते पटलं आणि ते खरोखरच उतरून पायी चालू लागले. त्या दिवशी गाडीवाला आमच्याकडे दुपारी पोचला आणि फुवा दिवेलागणीला, दोन्ही खिशांत गोखरू भरून. घोड्यांच्या यात्रेला यायचे तेव्हाही तेच. दत्तजयंतीच्या सुमाराला आमच्या गावात दूरदूरचे घोडे येतात, लोक त्यांचे दात बघतात, चाल बघतात, भोवरे बघतात. फुवा एका उमद्या पांढऱ्या घोड्यापुढे बसून त्याच्या पुढ्यातलं गवत निवडत होते. त्यांना त्यात कुठलंसं परमुलखातलं तण सापडलं होतं. घोडेवाला बराच वेळ बघत राहिला आणि मग अदबीनं म्हणाला, "मास्टरजी, घोडा इधर खड़ा है." फुवांनी मान वर केली, घोड्याला नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि पुन्हा गवतात शिरले.

जेवणात तर त्यांच्या शेजारी बसायला माणूस मिळायचा नाही. हिवाळ्यात आमच्या शेतात भरिताचा बेत असायचा. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, कांद्याची पात आणि तेल घालायचं, आणि गार वाऱ्यात कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं. एकदा नंदुरबारचे एक वजनदार पाहुणे आले होते. त्यांचा तिसरा घास तोंडाशी गेला असेल, तोच फुवा प्रेमानं म्हणाले, "खा, खा. वांगं म्हणजे धोतऱ्याचा चुलत भाऊ. मिरची, बटाटा, तंबाखू, धोतरा, सगळी एकाच घरची भावंडं. फूल बघा हवं तर, पाच पाकळ्या जोडलेल्या आणि केसर पाकळ्यांनाच चिकटलेले." पाहुण्यांनी घास खाली ठेवला, हात धुतले आणि संध्याकाळपर्यंत ते बांधावर बसून स्वतःची नाडी बघत होते. फुवांना आपलं काय चुकलं ते समजेना. चुलत भावाच्या कर्माची शिक्षा वांग्याला का, असं ते मला हळूच म्हणाले.

अशा या माणसाला हातातल्या झाडाचं घर सांगता आलं नाही, असं आयुष्यात एकदाच झालं, आणि ते झाड नेमकं फुईनं आणलेलं होतं.

महाशिवरात्रीला शहाद्याच्या बायकांबरोबर फुई तोरणमाळच्या यात्रेला गेली होती. डोंगर चढून जायचं, देवाचं दर्शन घ्यायचं, तळ्यात पाय बुडवून बसायचं आणि उतरायचं. सगळ्या बायकांनी तिथून अंगारा आणला, फुईनं एक रोप आणलं. मुळांना ओलं फडकं गुंडाळून, सगळा डोंगर उतरेपर्यंत ओटीत जपून. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात झाडं येत ती फुवा आणत. तिनं त्यांच्यासाठी आणलेलं हे पहिलंच. तिनं ते त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं, "कोना घरनं शे?" फुवांनी पान उलटंपालटं केलं, देठापासून फुटणाऱ्या शिरा बघितल्या, भिंगाखाली पानावरची बारीक चांदणीसारखी लव बघितली, सालीचा दोरा काढून ताणला. मग म्हणाले, "पान भेंडीच्या घरीही असंच असतं आणि धामणीच्या, म्हणजे फालशाच्या, घरीही. साल दोन्ही घरी अशीच, दोऱ्यासारखी निघते. फूल आलं की केसर बघायचे. सगळे केसर एका नळीत जोडलेले असले तर भेंडी, कापूस, जास्वंद यांचं घर. एकेक सुटे असले तर धामण." फुईनं विचारलं, तोवर काय? "तोवर वाट बघायची," फुवा म्हणाले.

तिनं ते परसात कडुनिंबाखाली लावलं. त्या निंबाच्या सावलीत ती दुपारी सूप घेऊन धान्य निवडत बसायची, म्हणजे झाड डोळ्यांपुढे राहील. झाड वाढलं, पानांनी भरलं, पण फुलाचा पत्ता नाही. शेजारपाजारचे येऊन नावं सांगून जायचे. कोणी रानभेंडी म्हणे, कोणी विंचवावरचं औषध म्हणे. फुवा सगळ्यांना एकच उत्तर देत. फूल बघितल्याशिवाय कुळ सांगायचं नाही. एकदा चुकीच्या घरात घातलेलं झाड बाहेर काढायला शंभर वर्षं लागतात, असं त्यांना पुण्याच्या प्रोफेसरांनी सांगितलं होतं आणि ते त्यांनी गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं होतं. फुई मात्र मनातून दुखावत गेली. रस्त्यावरच्या गोखरूला घर आहे, उकिरड्यावरच्या धोतऱ्याला घर आहे, आणि मी ओटीत घालून आणलेलं झाडच तेवढं बेघर, असं तिच्या मनानं घेतलं.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. निंबांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि सण झाला की नवरा घ्यायला येतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फुईला आणायला शहाद्याला गेले. गाडीत बसताना ती नवऱ्याला म्हणाली, "मी आणेल झाड कोना घरनं शे ते सांगा, मंग मी येसू." अर्धं हसतच म्हणाली होती. तिची अपेक्षा एवढीच, की हा माणूस आठवड्याभरानं येईल, काहीतरी एक नाव सांगेल आणि आपण भाव खात गाडीत बसू. दुसरा कुठलाही नवरा असता तर असंच झालं असतं. फुवा आठवड्याभरानं आले, ओट्यावर बसले, आमरसाची वाटी संपवली आणि म्हणाले, "अजून फूल आलं नाही." आणि उठून शहाद्याला परत गेले.

घरात सगळे थक्क. फुई दाराआड उभी होती, तिथंच बसली. तिचं गाठोडं बांधून तयार होतं. मग तिलाही राग आला आणि तिनं ते सोडून टाकलं. "मंग फूल येवावरच येवो म्हना," असं ती म्हणाली, आणि त्या एका वाक्यानं दोघांनी मिळून आपला संसार एका कळीला टांगून ठेवला.

आखाजीमागून आखाजी गेली. पुढे लढाई सुरू झाली, रॉकेल मिळेनासं झालं, तरी कळी काही येईना. गावात कुजबूज होती, मास्तरनं बायको टाकली म्हणून. टाकलेल्या बायकोचा नवरा दर आखाजीला आणि दर यात्रेला येऊन सासऱ्याच्या ओट्यावर बसतो का, एवढा विचार कोणी करायचं नाही. फुवा यायचे. उन्हानं काळवंडलेले, धोतर वर खोचलेलं, सदऱ्याला कुसळं. फुई समोर यायची नाही. दाराआडून सगळ्या घराला उद्देशून म्हणायची, "इचारा कोनी तरी, फूल उनं का?" फुवा भिंतीकडे बघून सांगायचे, "नाही. पण यंदा पानं तळहाताएवढी आहेत." "पानी कोन घाली ऱ्हायनं?" "मीच. सकाळ-संध्याकाळ." मग ते सविस्तर सांगत बसायचे: कुठल्या फांदीला नवा फुटवा आला, शेळीनं शेंडा कसा खाल्ला आणि त्याजागी दोन शेंडे कसे फुटले, मुंग्यांनी बुंध्याशी घर केलं तेव्हा हळदीचं पाणी कसं घातलं. दाराआड अगदी शांत असायचं. आई म्हणायची, एरवी फुई एक मिनिट हात रिकामे ठेवत नाही, पण तेवढा वेळ तिच्या मांडीवरच्या शेंगा तशाच राहतात. झाडाची हकिकत संपली की फुवा टोपी घालायचे आणि निघायचे. वळणावर ते दर वेळी थांबायचे. घरातले सगळे म्हणायचे, बांधावर काही सापडलं असेल. त्या वळणाला बांध नव्हता.

आबांनी त्यांना किती समजावलं. "मास्तर, कोनतं बी एक नाव सांगी द्या. तिले काय समजस? अन् झाड काय कोर्टमा जाई?" फुवा मान हलवायचे. खोटं सांगायला त्यांची हरकत होतीच, पण मला वाटतं मुद्दा वेगळा होता. फुईनं त्यांना आयुष्यात विचारलेला तो एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्यांना खरंच द्यायचं होतं.

माझ्या लग्नाचं निघालं तेव्हा आबांनी फुवांना मुलाचं घर बघायला बरोबर नेलं. मुलाचं शिक्षण किती, जमीन किती, कुळ-देवक काय, हे आबांनी विचारलं. फुवांनी परसातली झाडं बघून येण्याची परवानगी मागितली. परत आले ते एक कपाशीचं फूल घेऊन. तिथंच सगळ्यांसमोर त्यांनी ते सुईनं उघडलं आणि नवऱ्या मुलाच्या बापाच्या नाकापाशी धरलं. "बघा, यातले केसर एकमेकांना धरून आहेत. एक ओढला तर सगळे येतात. ज्यांच्या दारात हे कुळ नांदतं ती माणसं घर मोडत नाहीत. मुलगी द्यावी." माझ्या सासऱ्यांना या युक्तिवादात काही समजलं नाही, पण स्तुती आहे एवढं कळलं, आणि लग्न जमलं. घरी येऊन हे सगळं सांगून झाल्यावर फुवा दाराकडे बघत बसले. दाराआड फुई होती. त्या दिवशी तिनं फुलाचं विचारलं नाही.

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी. मीही आता माहेरवाशीण. अंगणातल्या झोक्यावर बसले होते, आबा आणि फुवा ओट्यावर, आणि आतून फुईच्या जात्याची घरघर ऐकू येत होती. आबा बोलता बोलता म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट मन्हा ध्यानमा उनी. झाड निंबखाले शे. सावलीमा त्याले फूल कसं येई? निंबन्या फांद्या तोडी टाका, ऊन पडू द्या."

फुवा हळूच म्हणाले, "माहीत आहे मला. पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

"मंग?"

"तिची बसायची जागा आहे ती. फांद्या तोडल्या तर परत आल्यावर भर उन्हात कुठं बसेल?"

जातं थांबलं. मी झोका पायानं धरून ठेवला. आबा मास्तरांकडे बघत राहिले, आणि मला तो माणूस एकदम फार एकटा दिसला. ज्या सावलीपायी फूल येत नव्हतं ती सावली त्यांनी हिच्यासाठी राखली होती, आणि फूल येत नव्हतं म्हणून ही येत नव्हती. कितीतरी वर्षं हे ते एकटेच बघत बसले होते, दोन्ही वेळा पाणी घालत.

फुई बाहेर आली. पदर डोक्यावर, हाताला पीठ. इतक्या वर्षांत ती प्रथमच त्यांच्या समोर उभी राहिली होती. ती म्हणाली, "फूल ऱ्हाऊ द्या. तुमले काय वाटस ते सांगा. कोना घरनं शे?"

फुवांनी टोपी काढली. पुन्हा घातली. खिशातलं भिंग बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग हा माणूस, जो आमच्याशी कायम शाळेतलं मराठी बोलायचा, खाली मान घालून म्हणाला, "भेंडीना घरनं शे."

"नक्की?"

"नक्की."

फुईनं हाताचं पीठ झटकलं. "मंग बठा थोडा येळ," ती म्हणाली, "गाठोडं बांधस."

त्या दिवशीची गंमत गाडीवाल्यानं नंतर सांगितली. शहाद्याच्या वाटेवर मास्तर कुठंही उतरले नाहीत. बांधावर एवढं काय काय फुललेलं होतं, गाडीवाल्यानं स्वतः दोनदा बैल थांबवून बघितले, पण मास्तर समोर बघत बसून होते. दिवे लागायच्या आत ते घरी पोचले.

यानंतर फुवांच्या आयुष्यात एक विचित्र काळ सुरू झाला. इतकी वर्षं ते त्या झाडाला फूल यावं म्हणून बघायचे, आता येऊ नये म्हणून बघू लागले. सकाळी उठून आधी परसात जायचे, एकेक फांदी तपासायचे आणि निर्धास्त होऊन चहा घ्यायचे. एकदा मी गेले होते तेव्हा ते घाईघाईनं मला बाजूला घेऊन गेले आणि एका फांदीवरची गोल गाठ दाखवून म्हणाले, "कळी तर नव्हे?" त्यांचा चेहरा उतरला होता. मी भिंगातून बघितलं. किड्यानं केलेली गाठ होती ती. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला बाजारातून जिलबी आणून खिलवली. फुई निंबाखाली सूप पाखडत आमच्याकडे बघत होती. निंबाची फांदी तोडायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

एका हिवाळ्यात फुवा साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण ती पूर्वीही येत नव्हती, त्यामुळे कोणाला फार वाईट वाटलं नाही. फुईला मात्र ते शेवटपर्यंत ओळखायचे. ती एकटीच त्यांना कुठल्याही झाडावाचून लक्षात राहिली होती.

पुढच्या उन्हाळ्यात वळवाचं वादळ झालं आणि परसातला निंब मुळापासून आडवा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, आखाजीच्या तोंडावर, फुईचा निरोप आला म्हणून मी शहाद्याला गेले. दारातच ती म्हणाली, "फूल उनं वं. ये, दखी जाय."

झाड पिवळ्या फुलांनी भरलं होतं. बारीकच फुलं, पण पानापानाच्या बगलेत झुबके. उघड्या उन्हात मधमाश्या घोंगावत होत्या. फुईनं कोनाड्यातून त्यांचं भिंग आणि सुई आणून माझ्या हातात दिली. मी एक फूल खुडलं, तळहातावर ठेवलं, पाकळ्या बाजूला केल्या. आत केसरांचा दाट झुबका होता. मी सुई टेकवली आणि एक केसर अलगद ओढला. एकटाच आला. दुसरा ओढला, तोही एकटाच. सगळे सुटे होते, एकमेकांना न धरता उभे. मी पुन्हा एक फूल घेतलं, उगीच. नळी कुठंच नव्हती.

फुई माझ्याकडे बघत होती. "त्यास्नी सांगेल तेच शे ना?"

"तेच," मी म्हणाले. "भेंडीना घरनं."

तिनं माझ्या तळहातावरचे केसर बोटानं जरासे पसरवून पाहिले. गिलक्याच्या वेलापाशी बसून फुलं ओळखायला शिकलेली बाई ती. मग माझ्या बोटांवर हात ठेवून तिनं माझी मूठ मिटवली.

"माले तव्हयच समजेल व्हतं," ती म्हणाली. "फूल दखाबिगर ते कव्हय नक्की म्हनेत का? एकच डाव म्हनात."

मला फुवांची फार आठवण आली. आता शहाद्याहून सारंगखेड्याला मोटारी धावतात, बांधावर कोणी उतरत नाही, आणि मी अजूनही कुठलं फूल हातात आलं की आधी केसर बघते आणि मग कोणाला तरी सांगावं म्हणून मागे वळते.

तो निंब पडल्यापासून परसात सगळीकडे लख्ख ऊन होतं. फुईनं भिंग पुसून पदराला बांधलं, सूप उचललं आणि ती आपल्या त्या फुललेल्या झाडाच्या सावलीत जाऊन बसली.